मागचा डावा सड

पहाटेचे पाच. सिन्नर तालुक्यातला एक गोठा. दोन एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विलायती जातीच्या, गायी शेजारी शेजारी. गव्हाण एक, वैरण एक, धार काढणारे हातही एकच. मालकीणबाई पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत घेतात. चंद्रीचं दूध स्वच्छ. गौरीच्या मागच्या डाव्या सडातून मात्र फुटक्या दह्यासारख्या गुठळ्या येतात. बाई कासेला हात लावतात. गरम, टणक.

"परत दगडी."

डॉक्टर याला कासदाह म्हणतात. गोठ्यातलं नाव जास्त नेमकं आहे.

जंतू सडाच्या टोकातून आत शिरतात. धार काढल्यावर अर्धा-पाऊण तास ते तोंड नीट मिटत नाही. म्हणून बाई लगेच वैरण टाकतात, गाय उभी राहावी, शेणात बसू नये. पण ही काळजी दोघींचीही घेतली जाते. मग गौरीच का?

थोडं उत्तर तिच्या रक्तात आहे. गाईच्या 23व्या गुणसूत्रावर बीओएलए-डीआरबी3 नावाचं जनुक आहे. जंतूचा तुकडा पकडून पांढऱ्या पेशींना 'हा बघा चोर' असं दाखवायचं, हे त्याचं काम. या जनुकातली अक्षरं गाईगणिक थोडी बदलतात. एखादा बदल दगडी होणाऱ्या, किंवा न होणाऱ्या, गायींत वारंवार दिसला की ती झाली खूण, म्हणजे मार्कर. अशा खुणा पुष्कळ, आणि बहुतेकींचा वाटा चिमूटभर. एका जनुकावर दगडी हटवून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा! दगडी झाली की दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. या पेशी गाईगाईत कमीजास्त असतात, त्यातला जेमतेम दहावा हिस्सा वंशातून येतो. उरलेला गोठ्यातून: ओल, माश्या, हात. त्यात आणखी एक पेच. नुसत्या जास्त दुधावर वळू निवडत गेलं, की दगडीकडे कलही वाढतो.

ऑक्टोबर 2024मध्ये वाशीमला देशी गायींसाठीची 'गौ चिप' जाहीर झाली. अशा चिपवर एका नमुन्यातून जनुकांतली हजारो अक्षरं एकदम वाचता येतात. पण कोणती गाय किती वेळा आजारी पडली, हे चिपला कोण सांगणार? नॉर्वेत 1970च्या दशकापासून गाईगणिक आजाराची नोंद ठेवतात, म्हणून तिथे वळूच्या लेकींचा हिशेब लागतो आणि कोणाची कांडी, म्हणजे वीर्याची नळी, भरायची ते ठरतं.

गौरीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. दगडीची नोंद मात्र घरातल्या कॅलेंडरवर, लिटर आणि फॅटच्या आकड्यांशेजारी. बाई ओले हात पदराला पुसतात, पेन शोधतात आणि आजच्या चौकोनात लिहितात: गौरी, मा. डावा. या वेतातली तिसरी खेप.

चंद्रीचं नाव अख्ख्या पानावर कुठेच नाही.