पुण्याला जाताय? एक सकाळ मंडईला द्या

नमस्कार श्रोतेहो.

दोन दिवसांसाठी पुण्याला निघालेल्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग, कुठेतरी मिसळ आणि तुळशीबागेत खरेदी. तुळशीबागेत तीन तास सहज घालवणारी ही मंडळी हाकेच्या अंतरावरच्या मंडईचा बाहेरून फोटो काढतात आणि पुढे जातात. भाजी काय, घरीही मिळते! मला विचाराल तर यादीतलं दुसरं काहीही गाळा, पण एक सकाळ मंडईला द्या. आणि जाल ते पिशवी घेऊन, काहीतरी विकत घ्यायच्या तयारीनं जा. नुसता बघ्या तिथे सगळ्यांच्या पायात येतो.

ही इमारत उघडली 1886 मध्ये. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून हिला रे मार्केट म्हणत. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून आठ दिशांना निघालेली दालनं. बाहेरून धाटणी अशी गॉथिक, की नवख्याला चर्चच वाटावं. आत गेलं की हा थाट कशासाठी ते कळतं. छप्पर उंच आहे, वारा खेळता आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही कोथिंबिरीची जुडी लगेच मान टाकत नाही.

आता गंमत ऐका. मंडईच्या बांधकामावर एवढा पैसा घालायला नगरपालिकेतल्या ज्या सभासदानं विरोध केला, ते होते जोतीराव फुले. घराण्यात फुलांचा व्यवसाय असलेला हा माणूस म्हणत होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा. मंडई तरीही झालीच, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव मिळालं महात्मा फुल्यांचं! जोतीराव यावर काय म्हणाले असते, याचा विचार मी तिथे गेलो की हमखास करतो.

पण मंडई पाहायची ती ओट्यांवर. घाऊक व्यापार कधीच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तेव्हा इथे सगळ्यात स्वस्त मिळेल या आशेनं जाऊ नका. इथे निवड मिळते. थंडीत गेलात तर सोलाणे, पावटा, तुरीच्या शेंगा, बोरं, म्हणजे भोगीच्या भाजीचं सगळं सामान एका फेरीत. आणि पुरंदरचे अंजीर. अंजीर घेताना विक्रेत्या मावशी भाव सांगायच्या आधी विचारतात, "आज खायचे का गावाला न्यायचे?" आज खायचे म्हणालात तर बोट लावताच दबणारे, तळाशी जरा उकललेले अंजीर काढून देतात. गावाला न्यायचे म्हटलं की हात टोपलीच्या दुसऱ्या बाजूला जातो, तिथे घट्ट, हिरवटपणा न गेलेले. तुम्ही स्वतः चाचपायला लागलात तर मात्र, "ओ दादा, दाबू नका, मी देते ना!" त्या देतात ते घ्या. त्यांची बोटं तुमच्यापेक्षा जास्त जाणतात.

जायचं सकाळी, आठच्या सुमाराला. आता भुयारी मेट्रोचं मंडई स्थानकच झालंय, त्यामुळे गाडी कुठे लावू हा छळ नाही.

मुंबईला जाणार असाल तर तिथलं क्रॉफर्ड मार्केटही आता महात्मा फुल्यांच्याच नावाचं. ते पुण्याच्या आधीचं, 1869 चं. प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची शिल्पपट्टी आणि आतलं कारंजं शिल्पकार लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्याचं आहे. लोक खाली मान घालून फळं निवडतात आणि ती शिल्पं तशीच राहून जातात. इमारत म्हणून मला मुंबईची सरस वाटते. बाजार म्हणून विचाराल तर पुण्याची. अपवाद आंब्याच्या मोसमाचा. मे महिन्यात क्रॉफर्डला हापूसची पेटी घेणार असाल तर वरच्या थरावर भुलू नका, खालचा थर उघडून दाखवायला सांगा. तोंड वाकडं न करता जो दाखवेल, त्याच्याकडून घ्या.