आणलं तेव्हा नव्हतं, मग रक्तात इन्फेक्शन आलं कुठून?

"आणलं तेव्हा नुसता न्यूमोनिया म्हणालात, मग आता रक्तात इन्फेक्शन कसं निघालं?" लेकरांच्या वॉर्डात हा प्रश्न येतो तेव्हा विचारणाऱ्या बापाचा आवाज चढलेला असतो. चढणारच. प्रश्न रास्त आहे.

दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झालेलं असं इन्फेक्शन सहसा दवाखान्यातलंच धरतात. क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकोकस ही त्यातल्या जंतूंची नेहमीची नावं. नावं विसरा, वाट लक्षात ठेवा.

आपली कातडी म्हणजे गढीची भिंत. हाताला लावलेली सलाईनची सुई म्हणजे तिला पाडलेलं बारीक भोक. पण मानेतून नाहीतर मांडीतून घातलेली सेंट्रल लाईन, म्हणजे लांब नळी, थेट हृदयाकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेत उघडते. तिच्याशिवाय काही लेकरं वाचतच नाहीत, हेही खरं. पण औषध जातं त्याच वाटेनं जंतूही जातो. नळी जितके दिवस राहील आणि तिचं तोंड जितक्यांदा उघडेल, तितका धोका वाढतो. म्हणून दर वेळी ते तोंड स्पिरिटनं घासून, वाळू देऊन मगच औषध सोडायचं असतं.

मग शेजारच्या खाटेवरच्या लेकराला का झालं नाही? दीड किलोच्या आतलं, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ घ्या. कातडी कागदासारखी, आणि आईकडून येणारी प्रतिकारशक्ती शेवटच्या तीन महिन्यांत मिळते, ती अर्धवटच राहिलेली. किंवा ऊसतोडीच्या फडावरून आलेलं, दोन वर्षांचं असून दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटर न भरणारं, म्हणजे फारच कुपोषित लेकरू. केमो चालू असलेलं, व्हेंटिलेटरवरचं, ही त्याच रांगेतली.

आणि एक, जे आपणच करतो. गावात मेडिकलवरून दोन-तीन अँटिबायोटिक आधीच देऊन झालेली असतात. साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. वर रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, तीही कोरी येऊ शकते, मग औषध अंदाजानं द्यावं लागतं.

तान्ह्या बाळाला ताप येईलच असं नाही. अंग गार पडणं, दूध सोडणं, मलूल होणं, एवढंच दिसतं. लगेच सिस्टरला सांगा.

जालन्याहून एसटीनं आलेल्या आज्जीला बाळाला हात लावू द्या, पण आधी साबणानं हात धुवायला लावून. रुसली तर रुसू द्या.

अन् सकाळी राऊंडला डॉक्टर आले की विचारा, "ही नळी आज लागते का?" आम्हाला राग येत नाही. आला तरी विचारा.