फादर कपाउन आणि पत्र्याची भांडी

फौजेतला पाद्री नक्की करतो काय, असं मला बरेच जण विचारतात. त्यापेक्षा मी एका माणसाबद्दल बोलतो, फादर एमिल कपाउन. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पिल्सन नावाच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९१६ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी ते इकडे आपल्या बाजूला, भारत-बर्मा आघाडीवर होते, आणि १९५० मध्ये कोरियाच्या युद्धावर गेले.

पाद्री हत्यार धरत नाही, हे आधी लक्षात घ्या. आपल्या आर्मीतही पंडित, ग्रंथी, मौलवी असतात तसा पाद्री असतो, नायब सुभेदार म्हणून भरती होतो. अमेरिकेत तो ऑफिसर असतो, कपाउन कॅप्टन होते. पण गोळीबार सुरू झाला की हुद्द्याला कोण विचारतो, हाताशी कोण आहे तेवढंच जवान बघतो.

नोव्हेंबर १९५० च्या सुरुवातीला उत्तर कोरियातल्या उन्सानला, उत्तर कोरियाच्या बाजूने लढणाऱ्या चिनी सैन्याने त्यांच्या बटालियनला वेढलं. निसटायची संधी होती, फादर गेले नाहीत, जखमींपाशीच थांबले. पकडल्यावर त्यांना दिसलं की हर्बर्ट मिलर नावाचा सार्जंट घोटा मोडून खड्ड्यात पडलाय आणि एका चिनी सैनिकाने त्याच्यावर बंदूक रोखलीय. फादर सरळ चालत गेले, बंदूक हाताने बाजूला सारली आणि मिलरला उचलून घेतलं. गोळी सुटलीच नाही. पुढे त्या बर्फातून कित्येक मैल कधी पाठीवर, कधी खांद्याचा आधार देत त्यांनी त्याला चालवत नेलं, आणि बाकीच्यांनाही सांगत राहिले की जखमींना उचला, मागे सोडू नका, कारण मागे राहिला तो गेलाच.

मग उत्तर कोरिया आणि चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकाठचा, प्योकतोंगचा युद्धकैद्यांचा कॅम्प. थंडी, उवा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुलाब. घाण पाणी प्यायचं आणि मरायचं. उकळायला भांडं नाही. तर हा माणूस पत्रे गोळा करून आणायचा, दगडाने ठोकून ठोकून कडा वर वळवायचा, खोलगट भांडी करायचा आणि त्यात पाणी उकळून आजाऱ्यांना पाजायचा. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांचे घाणीचे कपडे धुवायचा. रात्री शेतातून बटाटे, तांदूळ चोरायचा, आणि जाण्याआधी संत दिस्मसची प्रार्थना करायचा, म्हणजे येशूच्या शेजारी क्रुसावर होता तो पश्चात्तापी चोर! मला हा भाग फार आवडतो. चोरी करायची पण प्रार्थना करून, आणि आणलेलं सगळ्यांत वाटून टाकायचं.

प्रार्थना घ्यायला बंदी होती. तरी २५ मार्च १९५१ ला, इस्टरच्या पहाटे, कॅम्पमधल्या पडक्या चर्चपाशी गळ्यात जांभळी स्टोल, म्हणजे पाद्री उपासनेच्या वेळी घालतात ती कापडी पट्टी, घालून त्यांनी उपासना घेतलीच. दोन महिन्यांत, २३ मे ला ते गेले, वय ३५.

त्यानंतर कॅम्पमध्ये जेराल्ड फिंक नावाचा पायलट आला. तो ज्यू, फादरना कधी बघितलेलंसुद्धा नाही. पण कैदी दिवसरात्र त्यांच्याचबद्दल बोलायचे, ते ऐकून ऐकून त्याने जळणाच्या लाकडातून ख्रिस्ताची मूर्ती आणि क्रूस कोरला. १९५३ मध्ये सुटका झाली तेव्हा कैदी तो क्रूस घेऊनच बाहेर आले.