पोखऱ्यात चौदा गोल, खाल्ला एकही नाही

(ओपनिंग शॉट: स्टेडियम, मागे डोंगर)

हे पोखरा, नेपाळ. तारीख ९ डिसेंबर २०१९. मागे ते टोकदार शिखर दिसतंय ना, ते माछापुच्छ्रे. पण आज स्टेडियममध्ये कुणालाच तिकडे बघायला वेळ नाही, कारण १३ व्या दक्षिण आशियाई स्पर्धेतली महिला फुटबॉलची फायनल आहे आणि समोरासमोर आहेत नेपाळ आणि भारत. या स्पर्धेत महिला फुटबॉल आला तेव्हापासून फायनल याच दोन टीमची झालीय, २०१० ला ढाक्यात, २०१६ ला शिलाँगमध्ये आणि आता इथं. फरक एवढाच की यावेळी स्टँड नेपाळचे आहेत.

(स्टँड, ढोल, झेंडे. आवाज चालू राहू द्या.)

यावर्षी टीम चारच, भारत, नेपाळ, श्रीलंका, मालदीव. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं आणि वरच्या दोन टीम फायनलला, म्हणजे भारत-नेपाळ एकदा आधीच खेळून झालंय. भारतानं मालदीवला ५-० हरवलं, श्रीलंकेला ६-०, पण नेपाळसमोर मात्र घाम निघाला, १-० वर सुटका झाली. त्या एका गोलमुळेच आज इथं एवढा आवाज आहे, प्रत्येकाला वाटतंय की यावेळी होऊ शकतं. आणि हो, भारताची पुरुषांची फुटबॉल टीम या स्पर्धेला आलेलीच नाही. फुटबॉलमध्ये भारताकडून इथं ज्या आहेत त्या या मुलीच.

(क्लोजअप: वॉर्मअप)

आता ही बघा. नंबर दहा. सॉक्स वर ओढते, शिनगार्डवरून एकदा हात फिरवते, मग मान खाली घालून दोन-तीन छोट्या उड्या मारते. ही बाला देवी, ङांगोम बाला देवी. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातलं इरेंगबम हे तिचं गाव. लहानपणी मुलांच्यात खेळली, पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली, आणि आज एकोणतिसाव्या वर्षी तिचा पगार येतो तो मणिपूर पोलिसांकडून. ही गोष्ट नीट ऐका, कारण ती एकट्या बालाची नाही.

(मणिपूर: सकाळचं ग्राउंड, सायकली, बांबूचे गोलपोस्ट)

मणिपूरमध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तीला आपलं ग्राउंड आहे, आपला क्लब आहे, आणि तिथं मुली खेळतात याचं कुणाला नवल वाटत नाही. १९९० च्या दशकापासून सीनियर नॅशनल्स, म्हणजे राज्यांच्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा, बहुतेक वेळा मणिपूरनंच जिंकल्यात. पण खेळता येणं वेगळं आणि खेळत राहणं वेगळं. वीस-बावीस वर्षांची झाली की घरातून विचारणा सुरू होते, पुढे काय? फुटबॉलनं पोट भरेल अशी लीग देशात नव्हतीच, इंडियन विमेन्स लीग सुरू झाली ती २०१६-१७ मध्ये आणि तीही काही आठवड्यांत आटपायची. अशा वेळी पोलिसांची नोकरी मिळाली तर मुलगी टिकते, नाही मिळाली तर बूट कोपऱ्यात पडतात. हे इतकं साधं गणित आहे आणि आपण ते कधी मांडतच नाही.

नेपाळकडेही हेच. तिथल्या मोठ्या टीम म्हणजे सशस्त्र प्रहरी, म्हणजे तिथलं सशस्त्र पोलीस दल, नेपाळ पोलीस आणि आर्मी. सीमेच्या दोन्ही बाजूंना बायकांचा फुटबॉल जगवला तो वर्दीच्या नोकरीनं.

(जुने फोटो, हळू पॅन)

थोडं मागे जाऊया, हे फोटो मिळाले म्हणून जाता येतंय. १९७५ ला महिला फुटबॉलची वेगळी फेडरेशन निघाली, आणि १९८० आणि १९८३ च्या आशियाई चॅम्पियनशिपमध्ये भारत दुसरा आला, हो, आशियात दुसरा. मग काय झालं? मॅचेस कमी होत गेल्या, वर्षंच्या वर्षं रिकामी जायला लागली आणि २००९ मध्ये तर फिफाच्या रँकिंगमधूनच भारताचं नाव निघालं, कारण दीड वर्षाहून जास्त काळ टीम एकही मॅच खेळली नव्हती. खेळाडू होत्या, मॅच नव्हती.

आणि दक्षिण आशियाई स्पर्धा? ती सुरू झाली १९८४ ला काठमांडूमध्ये, पुरुषांचा फुटबॉल पहिल्या दिवसापासून होता. मुलींचा यायला २०१० उजाडलं. सव्वीस वर्षं! ढाक्यात भारतानं फायनलमध्ये नेपाळला ३-१ हरवलं आणि जी टीम रँकिंगमध्ये नव्हती ती गोल्ड घेऊन घरी आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॉक्स बाजारला महिलांची पहिली साफ (SAFF) चॅम्पियनशिप, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची फक्त फुटबॉलची स्पर्धा, झाली, तीही जिंकली. मला विचाराल तर आजची टीम उभी राहिली ती २०१० मध्ये, त्या एका वर्षानं पुन्हा मॅचेस दिल्या म्हणून.

(शिलाँग, २०१६)

हे शिलाँगचं नेहरू स्टेडियम, फेब्रुवारी २०१६. भारत ४, नेपाळ ०. पण स्कोअरपेक्षा या फ्रेममध्ये कोण आहे ते बघा. ओइनाम बेमबेम देवी. १९९५ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, भारताकडून पहिली मॅच खेळली, मधली सगळी रिकामी वर्षं काढली, आणि इथं, घरच्या ईशान्येत, गोल्ड जिंकून थांबली. तीही मणिपूर पोलिसांतलीच. पुढे अर्जुन मिळाला, पद्मश्री मिळाली, पण त्याआधीच ती पोरींना शिकवायला लागली होती आणि इम्फाळची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन ही तिची टीम पहिली विमेन्स लीग जिंकली.

(पुन्हा पोखरा, डगआउट)

टचलाइनवर उभ्या आहेत त्या मायमोल रॉकी. आपल्या गोव्याच्या, स्वतः भारताकडून खेळलेल्या. २०१७ मध्ये सीनियर टीमच्या हेड कोच झाल्या, या जागेवर आलेली पहिली बाई. टीम एकदाची अशा कुणाच्या तरी हातात आली जिनं हे सगळं आतून बघितलेलं होतं.

(मॅच)

नेपाळ सुरुवातीलाच चढाई करतंय, स्टँड उभे राहतायत. आणि मग बाला. ती गोलकडे पाठ करून उभी राहते, डिफेंडर तिच्या खांद्याला भिडलेली असते तरी तिला हलवता येत नाही, बॉल पायाशी येईपर्यंत ती जागा सोडत नाही. पहिल्या हाफमध्ये एक गोल. दुसऱ्या हाफमध्ये अजून एक. दोन्ही तिचे. २-०.

(नेपाळच्या खेळाडू, शिट्टीनंतर. इथं निवेदन थांबवून दहा सेकंद फक्त चित्र.)

नेपाळनं या स्पर्धेतल्या तिन्ही फायनल भारताकडून हरल्या, वर साफच्या चार फायनलही. याच वर्षी मार्चमध्ये विराटनगरला, तेही घरचंच ग्राउंड. पुढच्या वेळी या मुली पुन्हा फायनलला येतात, ही गोष्ट मेडल टेबलमध्ये दिसत नाही, म्हणून इथं सांगतेय.

(मेडल)

चार मॅच, चौदा गोल, भारतानं खाल्ला एकही नाही. सात आठवड्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, बालानं स्कॉटलंडच्या रेंजर्सशी अठरा महिन्यांचा करार केला, युरोपातल्या क्लबशी प्रोफेशनल करार करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथं गोलही केला. फेब्रुवारी २०२० ला विमेन्स लीगच्या फायनलमध्ये गोकुलम केरळकडून विजयी गोल मारला तो नेपाळच्या सावित्रा भंडारीनं, समोर होती मणिपूरची टीम. २०२२ ला एशियन कप आपल्या नवी मुंबई-पुण्यात झाला पण कोविडमुळे भारताला मध्येच बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी काठमांडूत साफ चॅम्पियनशिप जिंकली बांगलादेशनं, फायनलला पुन्हा नेपाळ, आणि २०२४ लाही तेच.

१४ वी दक्षिण आशियाई स्पर्धा पाकिस्तानात ठरली होती. ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेलीय, आणि पोखऱ्याच्या त्या फायनलला आलेल्या कितीतरी जणींची खेळायची उमेदीची वर्षं तेवढ्यात निघून गेलीयत.