धुतलेलं मीठ

(दृश्य : पहाट. गोदावरीचं संथ पात्र. नाशिकपासून जवळच असलेल्या जलालपूरचा काठ. पाण्यात घागर बुडवल्याचा आवाज.)

या गावात एकेकाळी एक घर होतं. तिथं बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय आत यायची नाही. धान्य धुवायचं, साखर धुवायची, मीठसुद्धा धुवायचं. आता मीठ धुतल्यावर हातात काय उरत असेल, हे ज्याचं त्यानं ओळखावं! पण घरमालकाला त्याचं काही नव्हतं. मीठ विरघळलं तरी चालेल, विटाळ राहता कामा नये.

या घरमालकाचं नाव नाना गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर नानांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते शिरलंच. जगात कशावर भरवसा ठेवायचा हे कळेनासं झालं की माणूस स्वतःभोवती एक रेघ मारतो आणि ती राखत बसतो. नानांची रेघ पाण्याची होती.

१८६८ साली या घरात एक मुलगी जन्मली. तिचं नाव मनकर्णिका. ओली वस्त्रं, शिवाशिव, ‘हात लावू नकोस’, ‘लांब हो’ हे सगळं ऐकत ती वाढली. लग्न झालं तेव्हा वय अवघं अकरा. सासरी नाव मिळालं लक्ष्मी.

(दृश्य : जुना लाकडी देव्हारा. तांब्या, पळी, पंचपात्र. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो.)

नवरा मात्र कुठल्याच रेघेत न मावणारा. नारायण वामन टिळक. लोकमान्यांशी गल्लत नको. दोघेही चित्तपावन, दोघेही रत्नागिरीकडचे, पण हे टिळक कवी. जन्म १८६१, गाव करजगाव. आई लहानपणीच गेली, बापाचा स्वभाव तापट. पोरगं घर सोडून नाशिकला आलं, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकलं, कीर्तनं करू लागलं, कविता लिहू लागलं. आज इथं तर उद्या तिथं. नोकरी धरायची आणि सोडायची. खिशात चार पैसे आले की समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळं व्हायचं, आणि बायकोनं घरी चूल कशी पेटवायची ते बायकोनं बघावं.

टिळकांना मोठं म्हणताना ही गोष्ट गाळता येत नाही. त्यांचं मोकळेपण बऱ्याचदा लक्ष्मीबाईंच्या खर्चानं चालायचं.

(दृश्य : आगगाडीची खिडकी. मागे पळणारी झाडं. रुळांचा ठेका.)

१८९३. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी. डब्यात टिळकांसमोर एक युरोपियन गृहस्थ बसलेले. गप्पा सुरू झाल्या. कवितेवरून गाडी धर्मावर आली. उतरायच्या आधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात बायबलमधल्या नव्या कराराची प्रत ठेवली आणि सांगितलं, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते वेडगळपणाचं वाटलं असणार. 

पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथंच अडकले. शत्रूंवर प्रीती करा. जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करा. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या माणसाला तत्त्वज्ञानाचं अप्रूप नव्हतं. तत्त्वज्ञान त्यांच्याकडे भरपूर होतं. त्यांना धरलं ते या शब्दांतल्या मायेनं. आणि ती माया त्यांना अनोळखीही नव्हती. तुकोबांच्या अभंगांतून ती आधीच कानावर आलेली. पुढं ते म्हणत, तुकारामाच्या पुलावरूनच मी ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो.

पूल ओलांडला म्हणून त्यांनी तो जाळला नाही. अनेकांना हे आजही पचत नाही.

(दृश्य : मुंबई, भायखळा. जुन्या दगडी भिंतीवर पडलेली सकाळची उन्हं.)

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला आधी सांगितलं नाही.

जानवं गेलं, जात गेली, नातलग तुटले. ही किंमत टिळकांनी समजून उमजून दिली. लक्ष्मीबाईंना मात्र न विचारता ती मोजावी लागली. पदरात लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवतीच्या जगात ‘बाटग्याची बायको’ ही ओळख. नातलगांच्या आधारानं त्या राहिल्या, काही काळ पंढरपुरात. विठोबाच्या दारात बसून त्या काय मागत असतील? नवरा परत यावा, हेच ना!

(दृश्य : काही क्षण निवेदन नाही. चंद्रभागेचं वाळवंट. दूरवर टाळ.)

मग ही बाई अशी काही वागली की तिला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. काही वर्षांनी ती नवऱ्याकडे नगरला आली. आली ती आपलं सोवळं सोबत घेऊन. वेगळी जागा, वेगळी चूल, वेगळं पाणी. नवरा ख्रिस्ती आणि बायको कर्मठ ब्राह्मण. नवऱ्याच्या हातचं पाणी चालायचं नाही.

इथं टिळकांचं एक वागणं नोंदवायला हवं. त्यांनी बळजोरी केली नाही. बायकोचं सोवळं सांभाळलं जाईल अशी सोय त्यांनी करून दिली. जी रेघ स्वतः पुसली होती, तीच बायकोसाठी त्यांनी राखली. मघाशी त्यांच्यावर टीका केली, आता हेही सांगून टाकलं.

(दृश्य : नगर, आताचं अहिल्यानगर. भिंगारचा रस्ता, जुने बंगले, कडुनिंब.)

नगर हे अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं. मिशनरी इथं १८३१ मध्ये आले. या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेली बहुतेक माणसं महार आणि मांग समाजातली. म्हणजे टिळक ज्या मंडळीत गेले तिथं उपासनेला शेजारी बसणारा माणूस असा होता, की ज्याची सावलीही जलालपूरच्या त्या घराला चालली नसती. आणि चर्चमध्ये पाऊल टाकलं की जात दारात गळून पडते, असंही काही घडत नव्हतं. ख्रिस्ती झाल्यावरही महार आणि मांग यांच्यात रोटीबेटीला अडचण असायची. आणि गोरे मिशनरी विरुद्ध देशी कामगार ही आणखी एक उतरंड होतीच. वेदीसमोर सगळे सारखे, पण पगाराच्या वहीत वेगळे.

(दृश्य : विहीर. रहाटाचा आवाज. दोर खाली जातो.)

बायबलमध्ये एका विहिरीची गोष्ट आहे. येशू प्रवासानं थकून शोमरोनातल्या विहिरीपाशी बसलाय. भर दुपार. एक बाई पाणी भरायला येते. येशू तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. बाई चकित. तू यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसं मागतोस? यहुद्यांचा आणि शोमरोन्यांचा भांड्यापाण्याचा व्यवहार नव्हता.

पॅलेस्टाईनमधली ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गावातली कुठलीही विहीर डोळ्यांपुढे आणली की झालं. आणि गंमत बघा, पाणी मागतो आहे तो वरचा मानला गेलेला. देणारी खालची. रेघ पुसायची तर हात आपला पसरावा लागतो. उपकार करणाऱ्याचा हात पसरणं सोपं, मागणाऱ्याचा कठीण.

लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं ते राहुरीला. नगरहून उत्तरेला, मुळा नदीच्या काठी. कुणी प्रवचन दिलं नाही, वाद घातला नाही. त्यांनी आपल्या मनाशीच विचार केला. त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीचा सारांश एवढाच, की माणसांतल्या जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या. मग ज्या देवानं केल्या नाहीत त्या मी कशाला सांभाळू? एवढं ठरलं आणि कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली.

ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांनी लहानपणापासून पाळलेलं असं काही मोडलंय त्यांना ठाऊक असेल, की मन तयार झालं तरी जीभ होत नाही, घसा होत नाही. तो पेला तोंडापर्यंत नेताना तीस-बत्तीस वर्षांचं वय आणि जलालपूरचं सगळं घर हाताला लोंबकळत असणार.

या हकिकतीतला क्रम माझ्या मनातून जात नाही. लक्ष्मीबाईंची आधी जात गेली आणि नंतर त्या ख्रिस्ती झाल्या. १९०० मध्ये त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला. आपण बहुधा उलटं समजतो, की आधी श्रद्धा येते आणि मग श्रद्धा भिंत पाडते. इथं पाण्याचा पेला आधी आला. नवऱ्यामागून बायको गेली, असंही म्हणता येत नाही. पाच वर्षं ती गेली नव्हती. गेली ती आपल्या पायांनी.

(दृश्य : जुन्या घराचं अंगण. मुलांचा गलका. दोरीवर वाळत घातलेले कपडे.)

पुढं या घराला दारच राहिलं नाही म्हणायला हरकत नाही. दुष्काळात आणि प्लेगात उघडी पडलेली पोरं घरात यायची आणि राहायची. कुणाचं कोण हे विचारायचं नाही. टिळकांनी आणायची आणि लक्ष्मीबाईंनी वाढवायची. ही जुनी वाटणी काही बदलली नव्हती! पण ‘लांब हो’ ऐकत वाढलेली मुलगी आता परक्याच्या पोराचं नाक आपल्या पदरानं पुसत होती.

याच घरात एक कोवळा कवी राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याचा गौरव झाला आणि तो महाराष्ट्राचा ‘बालकवी’ झाला. टिळकांच्या घरी राहिला, त्यांच्या मायेत वाढला, आणि हिंदू म्हणूनच राहिला. टिळकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

(दृश्य : देवळाच्या बाहेरून येणारे सूर. टाळ, मृदंग, पेटी. पडद्यावर शब्द नाहीत.)

मराठी ख्रिस्ती उपासनेत तोवर परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं बरीच असत. टिळकांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, ओवी लिहिली. शंभराहून जास्त गीतं. ख्रिस्ताला ते गुरू म्हणत, माउली म्हणत. नगर-जालन्याकडच्या खेड्यात रविवारी सकाळी गेलात तर आजही त्यातली गीतं ऐकू येतील.

१९०४ मध्ये दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळू लागले. मान होता, स्थान होतं. इथं एखादा थांबला असता.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं. वय पंचावन्न-छपन्न. साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांची कल्पना अशी, की बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य या दरबारात एकत्र बसतील.

त्या काळी हे किती धाडसाचं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. बाप्तिस्मा ही चर्चची वेस. आतला कोण, बाहेरचा कोण, ते तिथं ठरतं. ज्या वेशीतून आत येण्यासाठी या माणसानं जात, घर, बायको, मुलगा सगळं पणाला लावलं होतं, तीच वेस तो आता मोकळी करू पाहत होता. मिशनऱ्यांतल्या काहींना त्याचा मोठेपणा कळला, काहींना काळजी वाटली. काळजी चुकीची होती असंही म्हणवत नाही. कुंपण काढलं की बाग आणि रान यांत फरक राहत नाही, हे माळ्याला कळतं. पण टिळक ‘वनवासी फूल’ लिहिणारे कवी! त्यांना रानातल्या फुलाची फिकीर जास्त.

दरबार फार काळ भरला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले.

(दृश्य : नगरची ख्रिस्ती दफनभूमी. वाळलेलं गवत. वारा.)

जाता जाता आणखी एक रेघ पुसून गेले. ख्रिस्ती माणसाला पुरतात. टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला गेला, आणि रक्षा नगरला आणून पुरली. चिता हिंदूची, कबर ख्रिस्त्याची. कबरीवर त्यांचीच ओळ आहे : ‘पुष्कळ अजुनि उणा, प्रभु मी, पुष्कळ अजुनि उणा.’

(दृश्य : लाकडी मेज. पिवळा पडलेला कागद. शाई.)

टिळकांनी येशूचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलं होतं. नाव ‘ख्रिस्तायन’. अकरा अध्याय झाले आणि ते गेले.

पुढचं सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. शाळेत न गेलेली, जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडणारी बाई. साठाहून जास्त अध्याय. नवरा जिथं थांबला होता त्याच्या कितीतरी पुढं. १९३६ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी त्यांच्या आठवणीही छापून आल्या, आणि त्यात जलालपूरचं घर, नानांचं सोवळं, सगळं आलं. नानांची त्यांनी थट्टा केली आहे, पण त्यात कडवटपणा औषधालाही नाही. धुतलेल्या मिठाची ती हकिकत वाचताना मोठ्यानं हसू येतं.

(दृश्य : गोदावरी, संध्याकाळ. काठावर एक मुलगी ओंजळीनं पाणी पिते. पडदा काळा.)