फलाट एकच्या मागच्या बाजूने

[दृश्य : संध्याकाळचं सीएसएमटी. इंडिकेटरखाली माना वर करून उभी असलेली माणसं.]

सीएसएमटीच्या लोकल बाजूला अनाउन्सरची एक केबिन आहे. थोडी उंचावर, समोर काच. रोज लाखो माणसं तिच्या समोरून जातात आणि वर कोणीच बघत नाही. बघायचं कारणही नसतं. या केबिनशी आपलं नातं फक्त कानांचं. कुठल्या फलाटावर कुठली गाडी लागणार, जलद की धीमी, किती डब्यांची. ऐकलं की पाय आपोआप तिकडे वळतात. आवाज कोणाचा, हे विचारायला गाडी कुठे थांबते?

२६ नोव्हेंबर २००८. बुधवार. स्टेशनचं नाव तेव्हा सीएसटी होतं, आणि जुन्या लोकांच्या तोंडी व्हीटीच. केबिनमध्ये ड्युटीवर होते विष्णू झेंडे.

[दृश्य : रात्रीचं फोर्ट. बंद शटर, एक उघडी पानाची टपरी.]

फोर्ट हा दिवसाचा मुलूख. सात-साडेसातला ऑफिसं सुटतात आणि नऊनंतर उरतात ते नाइटवाले. बँकेच्या दारातला वॉचमन, वर्तमानपत्राच्या डेस्कवरची माणसं, हॉटेलातली पोरं, चौकीतले हवालदार, कामा हॉस्पिटलच्या सिस्टर. गाड्या धुणारे, फलाट झाडणारे, हमाल. या माणसांना शहर रात्रीचं कसं वाजतं ते पाठ असतं. तरीही त्या रात्री पहिला आवाज कोणाला ओळखू आला नाही. त्याच दिवशी कटकला भारताने इंग्लंडला हरवलं होतं. पुष्कळांना वाटलं, फटाके वाजताहेत.

पावणेदहा होऊन गेले होते. मेन लाइनच्या हॉलमध्ये, जिथे लांबच्या गाड्यांचे प्रवासी ट्रंका आणि बोचकी उशाला घेऊन बसलेले असतात, तिथे दोघांनी ग्रेनेड फेकले आणि एके-४७ चालवायला सुरुवात केली. अजमल कसाब आणि इस्माईल खान. पन्नासहून जास्त माणसं त्या स्टेशनात गेली. बरीचशी गावी निघालेली.

झेंडे लोकलच्या बाजूला होते. त्यांना आधी वाटलं, बॉम्ब फुटला. त्यांनी माइकवरून रेल्वे पोलिसांना तिकडे धावायला सांगितलं. मग माणसं पळत लोकलच्या बाजूला येताना दिसली, आणि त्यांच्यामागून बंदुका घेतलेले ते दोघे.

[दृश्य : केबिनच्या आतून. काच, माइक, खाली रिकामा कॉनकोर्स.]

आता इथे जरा थांबू. केबिनमधला माणूस काय करू शकतो? हत्यार नाही. समोर काच, म्हणजे तो सगळ्यांना दिसतो. दिवा मालवून खाली बसावं, हे कोणालाही सुचेल आणि त्यात गैर काही नाही. पण लोकल येतच होत्या. दादर, भायखळा, मस्जिद करत येणाऱ्या गाडीतल्या माणसाला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय! तो नेहमीसारखा उतरणार आणि नेहमीसारखा चालत थेट गोळीबाराच्या तोंडी येणार.

झेंड्यांनी माइक सोडला नाही. हिंदीत आणि मराठीत, पुन्हा पुन्हा, एकच सांगणं: पुढे येऊ नका, फलाट क्रमांक एकच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. रोज ज्या आवाजावर पाय वळायचे, त्याच आवाजावर ते उलटे वळले. किती जण वाचले याचा आकडा काढता येत नाही. न घडलेल्या मरणाचा पंचनामा होत नसतो.

गोळ्या केबिनच्या दिशेनेही आल्या. काचेला भोकं पडली.

समोर रस्त्यापलीकडे टाइम्सची इमारत. तिथे कामावर असलेले छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरे घेऊन स्टेशनात धावले आणि उभ्या गाडीच्या डब्यात लपून फोटो काढत राहिले. पाठीवर सॅक, हातात एके-४७ आणि चालण्यात जराही घाई नाही, असा कसाबचा जो फोटो जगाने पाहिला, तो त्यांचाच. फोटोग्राफरने फोटो काढला, अनाउन्सरने अनाउन्समेंट केली. शौर्य वगैरे शब्द नंतर आले.

[दृश्य : टाइम्सच्या गल्लीत उतरणाऱ्या पादचारी पुलाची जागा. आता तिथे नवा पूल.]

दोघे पुलावरून टाइम्सच्या गल्लीत उतरले. तो पूल पुढे लोकांच्या बोलण्यात कसाब पूल झाला. मार्च २०१९ मध्ये तोच पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि पुन्हा माणसं गेली. या शहरात एकाच जागेला दोन-दोन जखमा असतात.

गल्लीच्या पलीकडे कामा हॉस्पिटल. बायकांचं आणि बाळांचं. तिथल्या प्रसूतिपूर्व वॉर्डात सिस्टर अंजली कुलथे नाइटला होत्या, आणि त्यांच्या हवाली वीस गरोदर बायका. खाली दोन सुरक्षारक्षक पडले, एका सहकारी बाईला गोळी लागली. कुलथेंनी वॉर्डची जड दारं ओढून बंद केली, सगळ्या बायकांना पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. वीस पोटुशा बायका, एवढीशी खोली, आणि वर ग्रेनेडचे हादरे. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. कळा काही पोलिसांची वाट बघत नाहीत. कुलथे तिला भिंतीच्या कडेकडेने, एकेक पाऊल टाकत लेबर रूमपर्यंत घेऊन गेल्या. बाळ झालं.

पुढे कसाबला ओळखायला त्या कोर्टात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी युनिफॉर्म घालूनच येण्याची परवानगी मागितली.

वरच्या मजल्यावर पोलीस अधिकारी सदानंद दाते जखमी अवस्थेत झुंजत होते. बाहेर रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी पडले. त्याच पोलिसांच्या क्वालिसमधून हल्लेखोर निघाले, मेट्रोच्या चौकात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर मृत समजून सोडलेले हवालदार अरुण जाधव जिवंत होते. ते दोघे उतरल्यावर त्यांनीच वायरलेसवर कळवलं. टायर गेल्यावर एक स्कोडा हिसकावली गेली होती.

[दृश्य : मध्यरात्रीची मरीन ड्राइव्ह. गिरगाव चौपाटीचा सिग्नल, बॅरिकेड.]

नाकाबंदी म्हणजे बॅरिकेड, टॉर्च, शिटी आणि काठी. चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलिसांची माणसं हेच घेऊन उभी होती, थोडी पिस्तुलं सोडली तर. साडेबाराच्या सुमारास स्कोडा आली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. इस्माईल मारला गेला. कसाब बंदूक घेऊन उतरला, आणि सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या. नळी सुटली नाही. मागच्यांना तेवढा वेळ पुरला. कसाब जिवंत सापडला, म्हणूनच पुढचा खटला उभा राहिला.

ओंबळे साताऱ्याच्या केडंबे गावचे. अशोकचक्र मिळालं, चौपाटीवर पुतळा आहे. आणि ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका चिमुकल्या कोळ्याला २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं : इसियस तुकारामी.

[दृश्य : सकाळ. लोकलचा शेवटचा डबा, दारात उभा गार्ड.]

दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा धावू लागल्या. झेंडे पुढे गार्ड झाले. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, हातात झेंडा. त्यांच्या आडनावावर कोणी ना कोणी विनोद केलाच असणार. गार्ड दारातून डोकावून फलाट बघतो. कोणी धावत येतंय का, कोणाचा पाय पायरीवर आहे का. मग दोनदा घंटी देतो, आणि गाडी सुटते.