खंजिरीची थाप आणि लाल दिवा

[दृश्य : कौलारू घर, अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग]

अमरावती जिल्हा. गुरुकुंज मोझरीपासून फार लांब नसलेलं गाव. कापूस विकला गेला की घरातली ही खोली रिकामी होते, आणि मग इथं भजनाचं रेकॉर्डिंग चालतं. भिंतींना गोधड्या, खिडकीला पोतं. कूलर बंद. मे महिन्यातसुद्धा बंदच.

[ध्वनी : खंजिरीच्या चार थापा]

या भागात भजन म्हटलं की खंजिरी आली. तुकडोजी महाराजांच्या हातातली. आणि रेकॉर्डिंगवाल्याला घाम फोडते तीच. थाप क्षणात उसळते, क्षणात विरते. ऐकताना जोर जाणवत नाही, आवाजाची पातळी दाखवणारं मीटर मात्र शून्याला टेकलेलं असतं.

डिजिटल आवाजात शून्य डेसिबल हे छत. लाट त्याच्यावर गेली की मीटरचा लाल दिवा लागतो आणि तिचा माथा सपाट कापला जातो. इंजिनिअर त्याला क्लिपिंग म्हणतात. गावात म्हणतात, आवाज फाटला.

भजनी मंडळाचं पहिलं मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेली फाइल, मास्टरिंगवाल्याकडून, म्हणजे तिच्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्याकडून, फाटलंय म्हणून परत आलं होतं.

"एकही ट्रॅक लाल नव्हता," रेकॉर्डिंग करणारा पोरगा सांगतो. ट्रॅक म्हणजे एकेका वाद्याचा वेगळा आवाज. खरंच नव्हता. पण पेटी, टाळ, खंजिरी, कोरस, सगळ्यांची बेरीज मास्टर फेडरवर, म्हणजे एकत्र आवाजाच्या शेवटच्या सरकपट्टीवर होते. तंतोतंत सारखे दोन आवाज मिळाले तरी पातळी 6 डेसिबलनं चढते. त्यात यानं, दणदणीत वाजावं म्हणून, वरून लिमिटर, म्हणजे उसळणारे माथे दाबून धरणारं साधन, ठोकलेला.

मग त्यानं तीच फाइल 6 डेसिबल खाली आणून पुन्हा पाठवली. मीटर हिरवं, थाप फाटकीच. कापलेला माथा फाइलीतच नाही, तर येणार कुठून?

[दृश्य : संगणकाचा पडदा]

यंदा मास्टरवरचा लिमिटर काढलाय. सगळे ट्रॅक मिळून खाली घेतलेत. सगळ्यात जोरकस थाप उणे 6 च्या आसपास. फाइल 24 बिटची. तिच्यात अगदी बारीक ते मोठ्या आवाजापर्यंत सुमारे 144 डेसिबलची जागा असते, वरचे सहा सोडले तर काही बिघडत नाही. 32 बिट फ्लोटमध्ये, म्हणजे शून्याच्या वरचंही जपणाऱ्या प्रकारात काढली, तर मिक्समध्ये शून्याच्या वर गेलेलंही खाली आणता येतं. माइकपाशीच फाटलेलं मात्र नाही. म्हणून खंजिरीवाला आता हातभर मागे बसतो.

मिक्स लागलं. काका दोन ओळी ऐकतात.

"आवाज तं बारीक झाला बे!"

"काका, मोठा करणं त्या मास्टरिंगवाल्याचं काम हाय."

काकांना पटलेलं दिसत नाही. पोरगा हात लांब करून स्पीकरचं बटण फिरवतो.

[ध्वनी : भजन, मोठ्यानं]